जगदेवचं तोंड

हरीओम डिझाइन शिकायला नागपूरला गेला, त्या वर्षापासून किन्हीराजातल्या बायका त्याच्याकडे ब्लाउजची कापडं घेऊन यायला लागल्या. त्याने पहिल्या वर्षी समजावून सांगितलं, दुसऱ्या वर्षी कमी समजावलं, आणि तिसऱ्या वर्षी गळ्याचे दोन नमुने काढून दिले. तेव्हापासून गावात त्याचा अभ्यास चांगला चालू आहे असं मानलं जात होतं.

त्याचे वडील भागवत मात्र लोकांना ‘पोरगं कंप्युटरचं शिकते’ एवढंच सांगत. या उन्हाळ्यात पोरगं घरी आलं ते कात्री, रद्दी आणि डिंकाची बाटली घेऊन, आणि ओसरीत मांडी घालून चित्रं कापत बसलं. भागवतने दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी त्याला राहवलं नाही.

“काय होय हे?”

“कोलाज. वेगवेगळ्या चित्रांचे तुकडे जोडून एक नवं चित्र करायचं. आधी कागदावर, मग कंप्युटरवर.”

“हे तं अंगनवाडीत शिकोते. तिथं खिचडीबी भेटते.”

हरीओमला कॉलेजातून काम मिळालं होतं: ज्या माणसाचा एकही फोटो नाही, त्याचं चित्र कोलाजमधून उभं करा. सरांना हे सोपं वाटलं असावं. किन्हीराजात असा माणूस सापडेना. ज्याच्या त्याच्या हातात फोन, आणि ज्याच्या हातात नाही त्याचा फोटो दुसऱ्याच्या फोनमध्ये. घरच्या म्हशीचासुद्धा फोटो होता. विम्यासाठी काढलेला, कानातला बिल्ला नीट दिसेल असा.

“मंग आमच्या माणसाचं कर ना,” तुळसाबाई म्हणाली.

तुळसाबाई म्हणजे हरीओमच्या आजोबांची मोठी भावजय. ओसरीच्या दुसऱ्या टोकाला ती गहू निवडत बसली होती. तिचा नवरा जगदेव ऐन जवानीत काविळीने गेला, तेव्हा त्यांची एकुलती पोर शीला रांगत होती. त्याला पंचेचाळीस वर्षं झाली. फोटो म्हणाल तर एक होता. हरीओमच्या आजोबांच्या लग्नातला, भाऊबंदांचा. त्यात मागच्या रांगेत जगदेव होता आणि त्याच्या बरोबर पुढे एका मामाचा फेटा होता. फेट्याच्या बाजूने एक कोपर दिसत होतं. ते कोपर जगदेवचं, असं घरचे लोक सांगत. तालुक्याच्या मालेगावचा एक काका मात्र ते आपलं आहे म्हणून अजूनही भांडत असे.

“आजी, तू सांगशील ते कसे दिसत? तू सांग, मी तुकडे जोडतो.”

तुळसाबाईने सूप खाली ठेवलं, आत कोणी ऐकत नाही हे पाहिलं आणि सरकत सरकत त्याच्याजवळ आली.

“तुले म्हनून सांगतो बापा, कोनाले बोलू नको. मले त्याह्यचं तोंड आठवत नाही.”

“कवापासून?”

“मांगच्या महिन्यात पापड लाटता लाटता ध्यानात आलं. सहज आठवाले गेली तं नाहीच. गळ्यापर्यंत येते, तिथून वर येत नाही.” तिने पदराने नाक पुसलं. “आता आखाजी आली. आखाजीले पितर घरी येते जेवाले. ते दारात येऊन उभे राह्यले, आन मीच वळखलं नाही तं? काय म्हनतीन ते? एवढ्या लांबून आलो, आन हे इचारून राह्यली तुमी कोन?”

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली होती. हरीओमला कॉलेजात रंग, पोत आणि मोकळी जागा शिकवली होती. दारात आलेल्या पितराची अडचण शिकवली नव्हती.

“करू आपन,” तो म्हणाला. “आखाजीच्या आदी करू.”

तोंड आठवत नसलं तरी कोणतं काय कोणावर गेलं, हे तुळसाबाईला पाठ होतं, कारण बारशापासून तेच बोललं जातं. नाक शीलाला गेलं. कपाळ पुतण्याला, म्हणजे भागवतला. कान एक पिढी सोडून हरीओमकडे आले. तेव्हा हरीओमने घराच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं: ‘जगदेव आजोबांसाठी सर्वांनी आपापलं नाक, कपाळ व हनुवटी उजेडात काढून पाठवावी.’ त्यावर सात जणांनी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिलं. पंचेचाळीस वर्षं उशीर झाला म्हणून कोणी मागे राहिलं नाही.

कामरगावहून शीलाआत्याचं नाक आलं. हरीओमने लगेच फोन लावला.

“आत्या, नाक असं कसं आलं?”

“कसं आलं?”

“बारीक. आन त्याले मांजरीच्या मिशा हायेत.”

“त्या माह्या पोरीनं लावल्या. मोबाइलात येते तसं. चांगल्या नाही दिसत काय?”

“आत्या, मले आजोबाचं नाक पाह्यजे.”

“थेच हाये ना मंग खाली! मिशा बाजूले कर. आन पाह्य, नाक माह्यावरच गेलं हे सगळ्याइले सांगजो. भागवत उगाच म्हनते का त्याच्यावर गेलं.”

मिशा बाजूला केल्या. मालेगावात जाऊन फोटोंच्या प्रिंट काढल्या आणि कापाकापी सुरू झाली. गालांसाठी सोयाबीनच्या बियाण्याच्या पिशवीवरचा शेतकरी घेतला. तो जिल्ह्यातल्या कोणत्याच शेतकऱ्यासारखा दिसत नव्हता, पण गाल चांगले होते. मिशी ट्रॅक्टरच्या टायरच्या जाहिरातीतून कापली. केस एका लग्नपत्रिकेवरच्या गणपतीच्या उंदराचे होते, हे हरीओमने कोणाला सांगितलं नाही. मध्येच डिंक संपला, तेव्हा आईने गव्हाच्या पिठाची खळ करून दिली.

तुळसाबाई रोज दुपारी समोर बसून सांगे. नाक खाली घे. मिशी बारीक कर. हनुवटी अशी नाही, हे तं बाईची होय. पाचव्या दिवशी हनुवटी जमली. खळ वाळावी म्हणून हरीओमने चित्र उन्हात ठेवलं आणि पाणी प्यायला आत गेला. बाहेर आला तर शेळी हनुवटी खात होती. खळ चांगली झाली होती, याची आईला मनातून थोडी खुशीच झाली.

“जाऊ दे,” हरीओम म्हणाला. “आता कंप्युटरवर घेऊ. तिथं शेळी पोचत नाही.”

त्याने उरलेल्या चित्राचा आणि सगळ्या तुकड्यांचा फोटो काढून लॅपटॉपवर घेतला. तिथे तुकडे न फाटता सरकत, लहानमोठे होत, एकमेकांत विरघळत. तुळसाबाईला सगळ्यात आवडलं ते मागे जाण्याचं बटन. चुकलं की दाबायचं, आणि चुकलेलं नाहीसं.

“किती मांगं जाते हे?”

“बंद करून उघडलं नाही तं लय मांगं जाते.”

“आन बंद केलं तं?”

“मंग नाही.”

तेव्हापासून तिने लॅपटॉप बंद करू दिला नाही. रात्री त्याच्यावर ती एक धुतलेला रुमाल टाकून ठेवी.

जसजसं चित्र पुढे सरकलं तसतशी तिची आठवणही धीट झाली. आता ती अडखळत नव्हती. “भिवया पांढऱ्या कर थोड्या,” ती म्हणाली.

“आजी, ते तिशीतच गेले ना? पांढऱ्या कशा?”

“मले काय माहीत कशा? मले पांढऱ्या दिसून राह्यल्या.”

हरीओमने भुवया पांढऱ्या केल्या.

“उजवा गाल भर जरा.”

“सुजल्यासारखा?”

“सुजल्यासारखा नाही रे. भरल्यासारखा. आन कपाळाले गंध दे, उभं.”

आखाजीच्या आदल्या दिवशी दुपारी हरीओमने गाल आणखी थोडा फुगवला, आणि तुळसाबाईने त्याचा हात धरला.

“बस,” ती म्हणाली. “आता हात नको लावू. हेच होय.”

मग आत जाऊन तिने देवापुढे साखर ठेवली, आणि येताना हरीओमलाही चिमूटभर दिली. हरीओमचं मन भरून आलं. संध्याकाळी तो मालेगावला जाऊन चांगल्या जाड कागदावर प्रिंट काढून घेऊन आला.

भागवत गिरणीवरून नुकताच परत आला होता. “पुंजाजीले सांगून आलो, उद्या बसाले येते,” असं म्हणत त्याने प्रिंट हातात घेतली. पाहिली. मग हरीओमच्या दंडाला धरून त्याला गोठ्यात नेलं.

“हे कोन होय?”

“जगदेव आजोबा.”

“अबे, हा पुंजाजी होय! पुरनपोयी खाऊन राह्यला!”

हरीओमने प्रिंट म्हशीच्या पाठीवर ठेवून नीट पाहिली. पुंजाजीच होता.

यात गूढ काही नव्हतं. आखाजीला पितर जेवायला येतात, पण त्यांना स्वतःचं तोंड नसतं. म्हणून त्यांच्या नावाने गावातला एखादा माणूस बसवतात. त्याचे पाय धुतात, गंध लावतात, खांद्यावर नवा दुपट्टा टाकतात, आणि तो जेवला म्हणजे पितर जेवले. जगदेवच्या नावाने पहिल्या वर्षापासून त्याचा दोस्त पुंजाजी बसत आला होता. पुंजाजीची पिठाची गिरणी, त्यामुळे भुवया कायम पांढऱ्या. तुळसाबाई पंचेचाळीस वर्षं दर आखाजीला आणि पितृपक्षात त्याच्यासमोर बसून ‘वाढू काय’ म्हणत आली होती, आणि त्याचा उजवा गाल भरलेला असल्यामुळे तो मानेनेच हो म्हणत आला होता. एवढ्या वर्षांत एका तोंडावर दुसरं तोंड बसलं, तर त्यात बाईचा काय दोष?

“गावात काय म्हनतीन?” भागवत दबक्या आवाजात ओरडला. “बुढीनं पुंजाजीचा फोटो करून घेतला, आन आपल्या पोरानं करून देल्ला! सांग तिले जाऊन.”

“तुमी सांगा.”

“डिझाइन कोन शिकून राह्यला, मी का तू?”

दोघंही सांगायला ओसरीपर्यंत गेले. तुळसाबाई प्रिंटसाठी पाट पुसत होती, आणि पुसता पुसता काहीतरी गुणगुणत होती. दोघंही पाणी पिऊन परत आले.

सकाळी पुंजाजी आला. सत्तरीचा, वाळलेला, स्वच्छ सदरा घातलेला. भागवतने त्याचे पाय धुतले, कपाळाला उभं गंध लावलं, खांद्यावर दुपट्टा टाकला. स्वयंपाकघराकडे तोंड करून तो ताटावर बसला. समोर पाण्याने भरलेली नवी घागर, घागरीवर खरबूज, आणि घागरीला टेकून पाटावर हार घातलेलं चित्र.

“हा कोन बसवला माह्या पुढं?” पुंजाजी म्हणाला.

“घ्या! वळखलं नाही? तुमचेच दोस्त.”

पुंजाजीने चित्राकडे पाहिलं. मग भागवतकडे पाहिलं. भागवत कढीच्या पातेल्यात पाहत होता. पुंजाजी भला माणूस, त्याने आणखी विचारलं नाही. पुरणपोळीचा घास मोडला, तुपात बुडवला आणि तोंडात टाकला. त्याचा उजवा गाल भरला.

तुळसाबाईचा पोळी वाढणारा हात वरच्या वर थांबला. तिने गालाकडे पाहिलं. चित्राकडे पाहिलं. पुन्हा गालाकडे. मग ती पोळीसकट खाली बसली.

“म्हंजे इतके वर्सं मी तुमचंच तोंड...”

“मी काय करू वयनी,” पुंजाजी घास गिळून म्हणाला. “तुमी वाढलं, मी खाल्लं.”

“मंग त्याह्यचं कुठी गेलं?”

हरीओमला वाटलं, आपण जे होतं तेही पुसून टाकलं. कालपर्यंत आजीला निदान आठवत नाही एवढं तरी माहीत होतं.

“पुंजाजी, तुमाले तं आठवत असन,” भागवत म्हणाला. “तुमी दोस्त त्याह्यचे.”

“दोस्ताचं तोंड कोन पाह्यते बापा?” पुंजाजी खरंच विचारात पडला. “आमी बाजूबाजूनं चालत होतो. त्याची बिडी आठवते मले.”

तुळसाबाई डोळे मिटून बसली. उघडले. समोर पुंजाजी. पुन्हा मिटले, पुन्हा उघडले. पुन्हा पुंजाजीच.

“तुमी तिकडं तोंड करा,” ती म्हणाली.

“जेवन?”

“जेवन चालू ठेवा. पन भिताडाकडं पाह्यत. तुमचं तोंड मधात येते.”

“मोठीमाय, पितर असा भिताडाकडं तोंड करून बसत नाही,” भागवत म्हणाला.

“बसू दे.”

पुंजाजीने आधी ताट फिरवलं, मग स्वतः फिरला, आणि भिंतीकडे पाहत जेवू लागला. घरात फक्त त्याच्या चावण्याचा आवाज. तुळसाबाई त्याच्या पाठीकडे पाहत राहिली. तिची मान हळूहळू एका बाजूला झुकली.

“असेच,” ती म्हणाली.

“काय असेच, आजी?”

“असेच बसत ते. सासरे इकडून बसत, ते समोर, चुलीकडं पाठ करून. मी दारामांगं उभी, पदर नाकापर्यंत. वावरात जाची तं ते पुढं, मी मांगून टोपलं घेऊन. माहेरी जाची तं ते एसटीत पुढं माणसाइत, मी मांगं बायाइत. रातच्याले दिवा मालवत.” तिचा आवाज बदलला. “त्याह्यचं तोंड मी धडपणी पाह्यलंच कवा, बापा? लग्नात अंतरपाट होता, मंग सासू होती. जे पाह्यलंच नाही ते आठवन कुठून?”

पुंजाजीने चावणं थांबवलं.

“पन मानगूट!” तुळसाबाई म्हणाली. “मानगूट इचार मले.”

हरीओमने विचारलंच नाही, ती सांगत सुटली. मानेच्या मधोमध खळगा, त्यात घाम साचे आणि उन्हात चमके. डोक्यावर भोवरा, डावीकडे फिरलेला, केस कापल्यावर दोन दिवस उभा राहणारा. डावा कान उजव्यापेक्षा बाहेर. सदऱ्याची कॉलर विरली तेव्हा तिनेच उसवून उलटी शिवली होती, आणि दोरा जुळला नव्हता, निळ्या कॉलरला काळा. चालताना उजवा खांदा खाली. टोपलं जड झालं की ती काही बोलत नसे, पण त्यांना मागून कळत असे कसं कोण जाणे, आणि ते सावकाश चालत. वळून पाहत नसत. फक्त सावकाश चालत.

हरीओम उठला आणि कात्री, रद्दी, उरलेली खळ घेऊन तिथेच जमिनीवर बसला. लॅपटॉप आणायचं त्याच्या लक्षातही आलं नाही. मागे जायचं बटन लागणारच नव्हतं. भागवतच्या कपाळाची प्रिंट त्याने उलटी धरली, आणि कपाळाची मान झाली, मधल्या आठीचा खळगा झाला. सदरा कॅलेंडरच्या निळ्या आभाळातून कापला. केस टायरच्या उरलेल्या जाहिरातीतून कापले, आणि कॉलरवर काळ्या पेनाने टाके घातले. त्याने आपल्या कानांचा मागून फोटो काढायला भागवतच्या हातात फोन दिला. मागून पाहिल्यावर भागवतही म्हणाला, “डावा बाहेर हाये हा तुहा.” प्रिंट काढायला मालेगाव लांब होतं, म्हणून तो कान फोनवर पाहून त्याने विटकरी कागदातून कापला. शीलाआत्याचं नाक कुठेच लागलं नाही. ते तिला कसं सांगायचं, हा नंतरचा प्रश्न होता.

या सगळ्यात तासभर गेला. पितराला फिरायला सांगायचं कोणाच्या ध्यानात आलं नाही, आणि पितर स्वतःहून फिरत नाहीत, म्हणून पुंजाजी भिंतीकडे पाहत बसून राहिला. भाताचा ढीग संपला, कुरडया संपल्या. मधून मधून तो भिंतीलाच विचारी, “झालं काय?”

“खांदा खाली घे,” तुळसाबाई म्हणाली. हरीओमने घेतला. “आनखी नको.”

हरीओमने शेवटचा तुकडा दाबला, ओली खळ बोटाने पुसली आणि चित्र उचलून पुंजाजीच्या शेजारी, भिंतीकडे तोंड असल्यासारखं, एका पाटावर तांब्याला टेकून उभं केलं. टायरचे केस, डावीकडे भोवरा, आभाळाचा सदरा. एक माणूस आपल्याकडे पाठ करून जेवायला बसला होता.

तो तुळसाबाईकडे वळला, ती काय म्हणते ते पाहायला. तिचा हात आपोआप वर गेला आणि तिने डोक्यावरचा पदर ओढून नाकापर्यंत खाली घेतला. भागवतने सबंध आयुष्यात आपल्या मोठीमायला तसं पाहिलं नव्हतं. तो एकदम उभा राहिला, आणि उभं राहून काय करायचं हे न कळल्यामुळे परत बसला.

पदराआडून ती चुलीकडे गेली आणि तव्यावरची गरम पोळी घेऊन आली. पाठमोऱ्या माणसाचं ताट पलीकडे असतं. तिने चित्राच्या मागे उभं राहून, त्याला धक्का लागू न देता, खांद्यावरून वाकून पोळी पलीकडे वाढली. पलीकडे ताट एकच होतं.

पुंजाजीने पोळीकडे पाहिलं, मागे वळून पाहिलं नाही, आणि घास मोडला.

“वयनी,” तो भिंतीला म्हणाला, “तूप राह्यलं.”